नग

'नग' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत आणि ते परस्परांच्या अगदी विरुद्ध आहेत. चलनावर, पावतीवर, मालाच्या पेटीवर नग म्हणजे मोजणीचे एकक. पाचशे नग म्हटले की त्यातला कोणताही एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवावा, काही बिघडत नाही. उलट एखाद्या माणसाविषयी 'काय नग आहे!' असे म्हटले, की त्याच्यासारखा दुसरा मिळायचा नाही, असा अभिप्राय असतो. आम्ही दोघे ज्या पट्ट्यात राहतो आणि मराठी शिकवतो, तिथे पहिल्या अर्थाचे राज्य आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. पुढे चाकणची कांद्याची जमीन मोटारींखाली गेली. फोक्सवॅगन २००९ साली आणि महिंद्र त्यापाठोपाठ तिथे आले, आणि त्यांच्या भोवती सुटे भाग करणाऱ्या शेकडो लहानमोठ्या कंपन्यांची वस्ती उभी राहिली. या वस्तीचा धर्म एकच: प्रत्येक नग आधीच्या नगासारखा असला पाहिजे. वेगळा निघाला तर तो तांबड्या रंगाच्या ट्रेमध्ये जातो.

या पट्ट्यात राहून आम्हाला बेसबॉलच्या कार्डांविषयी लिहावे लागेल, असे कधी वाटले नव्हते. ते घडले आमच्या एका माजी विद्यार्थ्यामुळे. त्याने बी.ए.ला मराठी विशेष विषय घेतला, आणि मराठी घेतलेल्या मुलाने पुढे पोट कसे भरायचे या प्रश्नाला स्वतःचे उत्तर शोधले. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये तो जपानी शिकला आणि चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कंपनीत कंत्राटावर दुभाषी म्हणून लागला. जपानी अभियंते आणि लाइनवरची मुले यांच्यामध्ये उभे राहून इकडचे तिकडे करायचे, हे त्याचे काम. त्यातही बहुतेक वेळ गुणवत्ता विभागात. कामात त्याला सर्वांत छळणारा शब्द कोणता, असे आम्ही एकदा विचारले होते. 'चालतंय,' तो म्हणाला. लाइनवरचा मुलगा भाग हातात फिरवून 'चालतंय की' म्हणतो. याचे जपानी भाषांतर काय करावे? 'मापात आहे' असे करावे तर ते खोटे, आणि 'मापात नाही' असे करावे तर मुलाची नोकरी जाते.

२०१९ साली त्या कंपनीतले एक जपानी अभियंते दोन वर्षांचा मुक्काम संपवून परत गेले. ते इवाते प्रांतातले, म्हणजे शोहेई ओतानी या खेळाडूच्या गावाकडचे. क्रिकेटच्या देशात दोन वर्षे काढताना त्यांना बेसबॉलविषयी बोलायला माणूस मिळाला तो हा दुभाषीच. जाताना त्यांनी त्याला ओतानीचे एक कार्ड दिले. अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीचे, २०१८ सालच्या 'क्रोम' मालिकेतले, जांभळी झाक असलेले. ओतानीचा तो अमेरिकेतला पहिला हंगाम, म्हणून त्या वर्षीच्या कार्डांना पदार्पणाचे मोल. कार्डावर बारीक सोनेरी अक्षरांत एक अंक आणि पुढे '२९९' असे छापलेले आहे. याचा अर्थ, या झाकेची कार्डे जगात २९९च आहेत.

इथे वाचकाला थोडे मागे न्यावे लागेल. आमच्या पिढीला कार्डे ठाऊक होती ती कुस्तीगिरांची. नव्वदच्या दशकात पिंपरीच्या स्टेशनरी दुकानांत ट्रम्प कार्डांचे जोड मिळत. उंची, वजन, छाती यांच्या आकड्यांवर डाव चाले आणि हरलेल्याचे पान जिंकणारा घेई. च्युइंगगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रेही येत. ती कार्डे खेळून खेळून मऊ पडत, कोपरे दुमडत, आणि शेवटी आई ती रद्दीत टाकी. अमेरिकेतही पुष्कळ काळ हेच होते. तिथे आधी सिगारेटच्या आणि मग बबलगमच्या पाकिटांतून बेसबॉलपटूंची कार्डे येत, मुले ती सायकलच्या आऱ्यांत अडकवत. टॉप्सच्या १९५२च्या मालिकेतला उरलेला माल १९६० साली न्यूयॉर्कजवळच्या समुद्रात नेऊन बुडवला, असे त्या मालिकेचे कर्ते साय बर्गरच सांगत असत. त्याच मालिकेतले मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. माल बुडाला, आयांनी रद्दी काढली, मुलांनी कोपरे दुमडले, म्हणून जे वाचले त्याला किंमत आली. हे आपल्याला समजते. जुन्या पोथ्यांचे, पहिल्या आवृत्त्यांचे असेच होते. काळ चाळणी लावतो. चाळणीवर जे राहते ते आपण जपतो.

पण ही गोष्ट अमेरिकेतल्या लोकांनाही समजली, आणि तिथे घोटाळा झाला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जो तो कार्डे जपून ठेवू लागला, कंपन्यांनी ती अतोनात छापली, आणि कोणीही काही न टाकल्यामुळे त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आज रद्दीचाच भाव आहे. यातून कंपन्यांनी जो धडा घेतला तो विलक्षण होता. टंचाई काळाकडून मिळत नसेल तर ती कारखान्यातच तयार करायची. १९९३ साली टॉप्सने प्रकाश फाकणाऱ्या झाकेची कार्डे मोजक्या संख्येने पाकिटांत मिसळली, आणि तिथून पुढे हा प्रकार वाढत गेला. आमच्या विद्यार्थ्याच्या कार्डाच्याच मालिकेत तेच चित्र जांभळ्या झाकेत २९९, निळ्यात १५०, हिरव्यात ९९, सोनेरीत ५०, नारिंगीत २५, तांबड्यात ५ आणि शेवटी एका झाकेत केवळ एक आहे. चित्र तेच, खेळाडू तोच, पाठीवरचे आकडे तेच. शाई बदलली आणि मोजणी थांबवली, एवढाच फरक. २०२४च्या नाताळात लॉस एंजेलिसकडच्या एका ११ वर्षांच्या मुलाला पाकिटात पॉल स्कीन्स या गोलंदाजाचे, त्याच्या पदार्पणाच्या गणवेशावरचा बिल्ला जडवलेले आणि त्याची सही असलेले, असे जगातले एकमेव कार्ड सापडले. त्या खेळाडूच्या पिट्सबर्गच्या संघाने त्याबदल्यात ३० वर्षांची सामन्यांची तिकिटे देऊ केली होती. मुलाच्या घरच्यांनी ती नाकारली, आणि मार्च २०२५मध्ये ते कार्ड ११ लाख १० हजार डॉलरना गेले.

मराठी समीक्षेत कलाकृतीच्या अनन्यसाधारणतेविषयी मर्ढेकरांपासून पाटणकरांपर्यंत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बरेचसे आम्ही वर्गात फळ्यावर लिहिले आहे. यंत्राने छापलेल्या कागदावर यंत्रानेच 'एकापैकी एक' असे छापून अनन्यता सिद्ध करता येते, ही कल्पना त्यातल्या कोणाच्याही डोक्यात आली नव्हती. एकसारख्या नगांच्या ढिगातून हुकमी 'नग' काढण्याची ही विद्या. शब्दाचे दोन्ही अर्थ एका पाकिटात.

यापुढचा भाग आम्हाला विद्यार्थ्याने समजावला, आणि तो समजावताना त्याचा चेहरा खुलला होता, कारण हे त्याच्या कामाचेच क्षेत्र होते. कार्ड दुर्मीळ असून भागत नाही. ते निर्दोष असावे लागते. निर्दोष आहे की नाही हे ठरवणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातली पीएसए ही १९९१ साली सुरू झालेली कंपनी सर्वांत वजनदार. कार्ड तिच्याकडे पाठवले की तज्ज्ञ ते भिंगाखाली पाहतात. छपाई चारही कडांपासून समान अंतरावर आहे काय, कोपरे टोकदार आहेत काय, कडा पांढुरल्या आहेत काय, पृष्ठभागावर ओरखडा आहे काय. मग १ ते १० यांत दर्जा देऊन कार्ड पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत कायमचे बंद करतात. पुढच्या बाजूला दोन्हींकडच्या किनारींचे प्रमाण साधारण ५५ला ४५ याच्या आत असेल तरच १० मिळतात. नुसत्या डोळ्यांना ९ आणि १० यांतला फरक दिसणे कठीण, पण नव्या कार्डांच्या बाबतीत किमतीतला फरक कित्येकदा दुपटीहून अधिक.

आम्ही ऐकत होतो आणि आम्हाला आमची उत्तरपत्रिका-तपासणी आठवत होती. आम्हीही वर्षानुवर्षे दहापैकी गुण देत आलो आहोत. आठ आणि नऊ यांतला फरक आम्हालाही ठामपणे सांगता येत नाही, आणि तरीही त्यावर कोणाची तरी श्रेणी ठरते. पुनर्मूल्यांकनाची सोय तिकडेही आहे. पेटी फोडून कार्ड पुन्हा पाठवता येते आणि कधी कधी ९चे १० होतात. नॅकची समिती येऊन गेल्यावर महाविद्यालयाच्या दारावर श्रेणीचा फलक लागतो, तसा त्या पेटीवर दर्जाचा कागद असतो. आत काय आहे हे मग फारसे कोणी पाहत नाही. असो.

विद्यार्थ्याला मात्र वेगळीच गंमत वाटत होती. तो म्हणाला, 'सर, आमच्याकडे दहापैकी दहा असलेला भाग म्हणजे नुसता भाग. त्याचं कोणी कौतुक करत नाही. तो तसाच असायला हवा म्हणून तर पगार देतात.' चाकणमध्ये निर्दोषपणाला वेगळी किंमत नाही, फक्त दोषाला दंड आहे. चूक होऊच नये म्हणून साच्यात खुंटी बसवतात, तिला तिथली मुले 'पोकायोके' हा जपानी शब्द सहज वापरतात. आणि तिकडे अमेरिकेत कार्ड कापणारे पाते केसभर सरकते म्हणून दहाचे नऊ होतात, आणि दहा मिळालेल्याचा लिलाव होतो. चुकीचेही तसेच. आमच्या पाठचिकित्सेत लेखनिकाची चूक म्हणजे झाडून टाकायची धूळ. कारखान्यात ती भंगार. कार्डांच्या बाजारात १९९० सालच्या मालिकेत फ्रँक थॉमस या खेळाडूचे नावच छापायचे राहून गेलेली काही कार्डे निघाली, आणि नाव असलेल्या कार्डाहून ती कितीतरी महाग आहेत. यंत्राने चूक केली तर भाव चढतो. माणसाने काही केले तर?

त्यासाठीच तो आमच्याकडे आला होता.

२०२५च्या मार्चमध्ये त्याचे कंत्राट संपले आणि ते पुढे वाढवले गेले नाही. कंपनीने भाषांतरासाठी टॅब घेतले होते. बोललेले वाक्य ते दुसऱ्या भाषेत म्हणून दाखवतात आणि चहाला थांबत नाहीत. बहिणीचे नर्सिंगचे शेवटचे वर्ष, तिची फी जुलैत भरायची. घरात विकण्याजोगी वस्तू एकच, ते कार्ड. १० दर्जा मिळालेल्या तसल्या कार्डात एक नवी मोटारसायकल येईल, असा त्याचा हिशेब होता. त्याने ते सहा वर्षे जिवापाड जपले होते. झाकेची कार्डे दमट हवेत वाकतात, म्हणून निर्यातीच्या पेट्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या तो दर पावसाळ्यात कपाटात बदलत असे. कोपरे, कडा, पृष्ठभाग सगळे त्याने स्वतः भिंगाखाली तपासले होते. किनारींचे प्रमाणही काढले होते. समोरची बाजू त्याच्या मते दहाची होती.

अडचण पाठीवर होती. देताना त्या अभियंत्यांनी कार्डाच्या मागे बारीक पेनने जपानीत एक ओळ लिहिली होती, खाली तारीख आणि 'चाकण'.

खेळाडूने सही केली तर कार्डाचे मोल वाढते. इतर कोणाच्याही हाताची शाई म्हणजे डाग. पीएसएकडे अशा कार्डाच्या दर्जापुढे डागाची खूण जोडली जाते आणि भाव कोसळतो. विद्यार्थी म्हणाला, 'लाइनवर भाग पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. मागची बाजूही गुळगुळीत आहे. नीट पुसलं तर जाईल असं वाटतं. पकडलं गेलं तर फेरफार म्हणून परत पाठवतील. नाही पकडलं तर दहा.' मग तो थांबला आणि म्हणाला, 'सर, मॅडम, पुसू का?'

आमच्यात एकमत झाले नाही, आणि ते अजूनही झालेले नाही. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे, की फसवणूक करायची नाही हे तर झालेच, पण तो प्रश्न बाजूला ठेवला तरी ती ओळ हाच त्या वस्तूचा खरा पाठ आहे. २९९ कार्डांत बाकीची २९८ सारखी, हे एकच वेगळे. छापलेल्या अंकाने नव्हे तर त्या ओळीने. आमच्या घरात अर्पणाची अक्षरे असलेली चार पुस्तके आहेत, ती कोणी पुसतो म्हणाला तर आपण ऐकून घेऊ का? दुसरीचे म्हणणे असे, की हे बोलायला आपल्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. मुलीची फी समोर असताना शाईत भावना शोधणे ही वेतन आयोग मिळालेल्यांची चैन आहे. फेरफार करू नये, हे खरे. पण न करण्याची किंमत त्याने भरायची आणि समाधान आपण घ्यायचे, हे काही बरोबर नाही. शिवाय ज्या गृहस्थांनी कार्ड दिले त्यांना विचारले तर ते काय म्हणतील? बहुधा 'पुसा' म्हणतील.

त्या वादात ओळ वाचायची राहूनच गेली. शेवटी आम्ही विचारले, लिहिले आहे काय? त्याने वाचले: 'ओसेवा नि नारिमाशिता.' टॅब याचे भाषांतर 'तुमच्या मदतीबद्दल धन्यवाद' असे करतो, तो म्हणाला, आणि ते चूक नाही. पण 'ओसेवा' म्हणजे निगा राखणे, कोणाचे हवे-नको पाहणे. आणि वाक्याचा कर्ता बोलणारा स्वतः आहे. मी तुमच्या देखरेखीत राहिलो, असे काहीतरी. जपानी माणसे ते ऑफिसमध्ये उठता-बसता म्हणतात, त्यात विशेष काही नसते. आणि निरोप घेताना म्हणतात तेव्हा असते. मराठीत कसे करावे, हे त्याला सहा वर्षांत सुचले नव्हते. 'ऋणी आहे' फार जड, 'आभारी आहे' फार कोरडे. आम्ही तिघे बराच वेळ त्यावर बसलो. मघाचा वाद त्यात विरून गेला. कोणी सुचवले ते आता आठवत नाही, पण शेवटी उरले ते आपल्या आज्या-मावश्या दारात उभ्या राहून म्हणतात ते वाक्य: 'तुम्ही माझं फार केलंत.'

त्याने ते दोनदा म्हणून पाहिले आणि वहीत लिहून घेतले.

पुढचे थोडक्यात सांगतो. त्याने शाई पुसली नाही. कार्ड जसे होते तसे, मागच्या बाजूच्या छायाचित्रासह, विक्रीला लावले. आलेला सर्वांत मोठा देकार फीच्या निम्म्याहून कमी होता, म्हणून काढून घेतले. फी पतसंस्थेच्या कर्जातून आणि आईच्या भिशीतून भरली गेली. आम्ही काही देऊ केले ते त्याने घेतले नाही. सप्टेंबरपासून तो तळेगावच्या एका गोदामात नोंदी ठेवण्याच्या कामाला आहे. तिथे जपानी लागत नाही. मराठी लागते, तीही फारशी नाही. सिलिका जेलच्या पुड्या मात्र तिथेही निघतात.

२०२५च्या धनत्रयोदशीला सकाळी, म्हणजे अमेरिकेतल्या आदल्या रात्री, ओतानीने एकाच सामन्यात सहा डाव चेंडू फेकून दहा जण बाद केले आणि वर तीन होमरन मारले. त्याच्या संघाने अंतिम फेरी गाठली. दिवाळीच्या फराळाला विद्यार्थी बहिणीला घेऊन आला तेव्हा आम्ही त्याला त्या सामन्याविषयी विचारले. आता मी भाव बघत नाही, असे तो म्हणाला. बहिणीने चकलीचा तुकडा मोडता मोडता त्याच्याकडे पाहिले. मग त्याने आदल्या रात्रीचा आकडा सांगितला, दहाच्या दर्जाचा, आणि त्याखालोखाल नवाचा.